'श्वास' : रुमाल घेऊन बसा म्हणणाऱ्यांनी निम्माच पिक्चर सांगितलाय

'श्वास' म्हणलं की लोक दोनच गोष्टी सांगतात. एक, ऑस्करला गेला होता आणि दोन, बघताना रुमाल घेऊन बसा. दोन्ही खरंय, पण त्यामुळं झालंय काय की आत्ताची पोरं म्हणतात "नको बे, रडका पिक्चर आहे" आणि मोठी माणसं म्हणतात "अवॉर्डचा आहे, आपल्याला कुठं झेपतोय", असं करत करत बघायचा राहूनच जातो. गेल्या रविवारी मी जुळे सोलापुरात आमच्या घरी हट्टानं लावला. घरचे सगळे, वरच्या मजल्यावरच्या अक्का, त्यांचा नातू आणि औषध कंपनीत एमआर असलेला माझा एक मित्र, असा गोतावळा जमला होता. पिक्चर संपल्यावर चहा दोनदा झाला तरी वाद काय मिटेना, म्हणून म्हणलं लिहूनच टाकावं.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोकणातल्या खेड्यातला एक आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात येतो. पोराला नीट दिसत नाहीये, एवढंच त्याला माहिती. तपासण्या होतात आणि कळतं की डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर आहे, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल पण दृष्टी जाईल. बास, एवढीच गोष्ट. व्हिलन नाही, प्रेमप्रकरण नाही, इस्टेटीची भांडणं नाहीत. पोराचं नाव परशुराम, परशा, आणि ते ऐकल्या ऐकल्या आमचा पुतण्या म्हणाला "करमाळ्याचा काय बे?" कारण 'सैराट' आल्यापासून आमच्या जिल्ह्यात परशा म्हणलं की दुसरं कुणी आठवतच नाही आता. पहिली दहा मिनिटं त्यातच गेली.

दिग्दर्शक संदीप सावंत, त्यांचा हा पहिलाच पिक्चर, आणि २००३ सालचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक याला मिळालं. त्याआधी मराठीला हा मान मिळाला होता तो 'श्यामची आई'ला, १९५४ ला, म्हणजे मधे जवळजवळ ५० वर्षं कोरडी गेली. परशाचं काम केलेल्या अश्विन चितळेला बालकलाकाराचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि तेही अगदी रास्त. पुढं भारताकडून ऑस्करला हाच पाठवला, नॉमिनेशन काय मिळालं नाही. पण तिकडं जाऊन पिक्चर लोकांना दाखवायचा तर पैसा लागतो आणि तो यांच्याकडं नव्हता, तेव्हा इथल्या लोकांनी अक्षरशः वर्गणी काढून मदत केली होती. गणपतीला, गड्ड्याला (आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला) वर्गणी देणारी आपण माणसं, पिक्चरला वर्गणी हे तेव्हा नवीनच होतं.

आता मुद्द्याचं. माझ्या मते हा पिक्चर आजाराचा नाहीच. वाईट बातमी कुणी कुणाला कशी सांगायची, याचा आहे. डॉक्टरनं आजोबाला कसं सांगायचं, आजोबानं पोराला कसं सांगायचं, आणि सांगायचंच कशाला, गुपचूप ऑपरेशन करून टाका की, असं वाटणाऱ्या माणसाला कुणी समजावायचं. डॉक्टर साने (संदीप कुलकर्णी) म्हणतात की ऑपरेशनच्या आधी पेशंटला कळलं पाहिजे त्याचं काय होणार आहे, मग तो पेशंट एवढासा का असेना. आणि म्हातारा, म्हणजे अरुण नलावडे, त्याच्या तोंडातून शब्दच फुटत नाही.

तो डॉक्टरच्या केबिनमधला सीन नीट बघा. बाहेर पेशंटची रांग, डॉक्टरला घाई, तो बिचारा सोपं करून सांगायला बघतोय पण त्याच्या सोप्या बोलण्यातही निम्मे शब्द डॉक्टरकीचेच. सोबत आलेला मामा मान हलवतोय, म्हातारा एकदा डॉक्टरकडं बघतो, एकदा मामाकडं. त्याला कळलेलं असतं, पण कळलंय हे त्याला कळून घ्यायचं नसतं, म्हणून तो तेच तेच फिरून विचारतो. नलावडे इथं काहीही करत नाहीत, छाती पिटणं नाही, ढसाढसा रडणं नाही, फक्त चेहरा हळूहळू उतरत जातो. मी २००४ ला थेटरात बघितला तेव्हा हा सीन माझ्या डोक्यावरून गेला होता, वय नव्हतं. आता स्वतः सिव्हिलमध्ये माणसं घेऊन जायची वेळ आल्यावर बघितला तर अंगावरच आला.

सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको खरं तर. आपलं गाव म्हणजे आजूबाजूच्या मुलखाचं हॉस्पिटलच आहे. अक्कलकोट, मंगळवेढ्याचे तर येतातच, धाराशिवचे येतात, तिकडनं कलबुर्गी, विजयपूरचे येतात. सिव्हिलच्या आवारात जाऊन बघा कधी, झाडाखाली चादर अंथरून बसलेलं एखादं कुटुंब असतंच, फडक्यात कडक भाकरी न् शेंगा चटणी बांधून आणलेली, कारण किती दिवस लागतील ते कुणीच सांगितलेलं नसतं. आत डॉक्टर मराठीत सांगतोय, म्हाताऱ्याला कन्नडच येतं, मग शेजारच्या कॉटवरच्या पेशंटचा मुलगा मधे पडून सांगतो, आणि तो सांगताना वाईट तेवढं गाळून सांगतो. अक्का हे सगळं बघत होत्या तेव्हा मधेच म्हणाल्या, "आमचे मामंजींना पण असंच सांगिटलं नाही कोणी. शेवटपर्यंत त्यांना वाटलं अल्सर आहे." एवढंच बोलल्या आणि परत विड्या वळायला लागल्या. मांडीवर सूप होतंच, पिक्चर असो नायतर लग्न, दुसऱ्या दिवशी कारखान्यात माल द्यायचाच असतो.

तर वाद कशावरून झाला, तर डॉक्टरवरून. (इथून पुढं थोडं कथानक फुटतंय, ज्यांना नको त्यांनी हा पॅरा सोडा.) ऑपरेशनची तयारी होते, ते लांबतं, आणि मधेच म्हातारा पोराला घेऊन हॉस्पिटलातनं गायब होतो. सगळी धावपळ, शोधाशोध. आणि म्हातारा काय करत असतो, तर पोराला शहर दाखवत असतो. दिसतंय तोवर बघून घे. परत आल्यावर डॉक्टर त्याच्यावर असला भडकतो की विचारू नका. आमच्या दादांचं म्हणणं, डॉक्टर चुकला, "कशाला वरडलालाय म्हाताऱ्यावर, जीव तुटलाय त्याचा." एमआर मित्र उसळलाच, म्हणाला उद्या त्या पोराला बाहेर काही झालं असतं तर तुम्हीच हॉस्पिटलच्या काचा फोडायला गेला असता. आमच्या मातोश्री म्हणाल्या दोघंबी बरोबर, आणि त्यावर दादा म्हणाले हे तुझं नेहमीचंच. खरं सांगायचं तर मातोश्रींच्या बाजूनं मी आहे, पण घरात तसं बोललो नाही. पिक्चरची गंमतच ही आहे की दोघांपैकी एकालाही त्यानं लहान केलेलं नाही. आपल्याकडच्या सिरीयली बघा, डॉक्टर एकतर देव नायतर पैसेखाऊ. इथं तो कामाच्या ओझ्याखाली दबलेला, चिडका आणि तरीपण मनानं चांगला माणूस आहे, असले डॉक्टर आपण सगळ्यांनी बघितलेत.

अमृता सुभाषचं मेडिकल सोशल वर्करचं काम आहे, आसावरी. हे पद हॉस्पिटलात असतं हेच आमच्या घरात निम्म्यांना माहिती नव्हतं. सिव्हिलसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून असतात माणसं, पेशंटला समजावणं, मदतीच्या योजनांचे कागद, हे सगळं त्यांच्याकडं असतं. पिक्चर बघून निदान एवढं जरी कळलं तरी तिकिटाचे पैसे वसूल म्हणायचे, आणि आम्ही तर तिकीटपण काढलं नव्हतं. तिचं काम चांगलंय, फक्त अधूनमधून जरा जास्तच गोड गोड बोलते असं मला वाटलं, बायको म्हणाली लहान पोराशी तसंच बोलावं लागतं, तुला काय माहिती. बरं.

पैसे कमी होते हे पडद्यावर दिसतं का? दिसतं. काही ठिकाणी लाइट सपाट आहे, एकदोन जण नाटकात बोलल्यासारखे बोलतात, आणि आवाज असा वरखाली होतो की आमच्या टीव्हीचा रिमोट शेवटपर्यंत कुणाच्या तरी हातातच होता. पण पैसा नसल्याचा फायदाही झालाय. खोटा चकाचक सेट नाही, हॉस्पिटल हॉस्पिटलसारखं दिसतं, त्या बाकड्यांचा रंग, ते कॉरिडॉर, फॉर्म भरायला खिडकीपाशी वाकलेली माणसं. गाडी भरून परदेशात गाणं शूट करायची ऐपत असती तर कदाचित हे सगळं आलंच नसतं. स्टारही कुणी नाही, त्यामुळं म्हातारा तो म्हाताराच वाटतो, कुणीतरी मोठा नट म्हातारा झालाय असं वाटत नाही.

आता तक्रारी. एक तर गावाकडचे फ्लॅशबॅक. कोकण म्हणजे हिरवंगार, पाणी, होडी, सगळं इतकं देखणं की आमच्यासारख्या उन्हाळ्यात ४३-४४ डिग्रीत भाजणाऱ्या माणसांना ते कॅलेंडरच वाटतं. पोराची दृष्टी जाणार म्हणून जे जाणार ते सुंदर दाखवायचं, कळतंय मला, पण जरा कमी चाललं असतं. दुसरं म्हणजे म्युझिक. भास्कर चंदावरकर मोठा माणूस, त्यांच्याबद्दल मी काय बोलणार, पण दोनतीन ठिकाणी नुसती शांतता ठेवली असती तर सीन जास्त लागला असता. शोधाशोधीचा भाग पण ताणलाय, पुतण्या तेवढ्यात मोबाईल बघून आला आणि त्याचं काही चुकलं नाही.

आणि सगळ्यात मोठी तक्रार अक्कांची, जी मला आधी सुचलीच नव्हती. घरातल्या बायकांचं काय? निर्णय घेणारा आजोबा, सोबतीला मामा, सांगणारा डॉक्टर, आणि गावाकडं ज्या बायका पोराची वाट बघत बसल्यात त्यांना कुणी काही विचारत नाही, त्यांना पिक्चरमध्ये जागाही फार नाही. अक्का म्हणाल्या, "पोराला आंधळं घेऊन घरी जाणार, मग पुढं त्याचं सगळं करणार कोण? आजोबा करणार का?" यावर दादांकडं उत्तर नव्हतं, आणि खरं तर पिक्चरकडंही नाही. तो काळ, ते गाव, तसंच असणार हे मान्य, पण प्रश्न राहतोच.

अक्कांच्या नातवाचं मत विचारलं, वय वर्षं नऊ. म्हणाला पोरगं भारी आहे, पण एवढा वेळ हॉस्पिटलात कशाला थांबले, मला तर घाण वास येतो तिथं. मग घरी जाताना पायऱ्यांवर डोळे मिटून उतरून बघत होता, आजीनं धपाटा घातला. अश्विन चितळेच्या कामाबद्दल याच्यापेक्षा जास्त मी काय लिहू. तो पोरगा कॅमेऱ्यापुढं गोंडस व्हायला बघतच नाही, चिडतो, हट्ट करतो, अंग टाकून देतो, घाबरला की आरडाओरडा करतो. आजकाल रिॲलिटी शोमधली पोरं बघून बघून आपल्याला खरं लहान पोरगं कसं वागतं तेच विसरायला झालंय.

मित्रानं जाता जाता एक कामाची गोष्ट सांगितली ती इथं टाकतो. या आजाराला रेटिनोब्लास्टोमा म्हणतात, बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या पोरांना होतो. फ्लॅश मारून फोटो काढल्यावर डोळ्याच्या बाहुलीत नेहमीच्या लाल ठिपक्याऐवजी पांढरी चमक दिसली, किंवा पोरगं नव्यानं तिरळं बघायला लागलं, तर थेट डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायचं, मांजराचे डोळे आहेत, मोठेपणी जाईल म्हणून बसायचं नाही. लवकर सापडला तर आता बऱ्याच पोरांचा जीव तर वाचतोच, कित्येकांचा डोळाही वाचवता येतो. पिक्चरमध्ये जे होतं ते प्रत्येकाचं होतंच असं नाही, हे मुद्दाम सांगतो, नायतर कुणीतरी बघून उगीच धसका घेईल. घरात कुणाला हा आजार आधी झालेला असेल तर बाकीच्या पोरांची तपासणी करून घ्यायला डॉक्टर सांगतातच.

स्टार बिर द्यायचेच तर पाचपैकी चार. अर्धा फ्लॅशबॅकचा कापला, अर्धा अक्कांच्या प्रश्नाचा. पावणेदोन तासांच्या आसपास आहे, इंटरव्हल घेऊ नका, मधे उठलं की लय तुटते. एकट्यानं मोबाईलवर बघण्यात मजा नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवा सोबत. पण घरात कुणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर मात्र आत्ता नको, ते उरकून पेशंट घरी येऊ द्या, मग लावा. आणि जेवणं आधी करून घ्या, आमच्याकडं नंतर वाढायला घेतलं तर आमटी गार होईस्तोवर दादा न् मित्र डॉक्टरवरच अडकले होते, अजून व्हॉट्सॲपवर चालूच आहे त्यांचं.