विकतचे मास्क उसवून बेतले, आठ महिने वापरले

करोनाच्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये पाच कापडी मास्कचा पॅक घेतला, २५० रुपयांना. दुहेरी सुती कापड, मध्ये तीन चुण्या, कानाला इलॅस्टिक. कापडाला नाव ठेवायला जागा नव्हती. पण मी सांगलीत एका पतसंस्थेच्या काउंटरवर बसते, चष्मा लावते आणि दिवसभर बोलते. श्वास सोडला की काचांवर वाफ, चार वाक्यं बोललं की मास्क नाकाखाली. ज्याला हात लावायचा नाही, त्यालाच दिवसभर हात.

फेकून देणार होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ब्लाउज सैल झाला तर टाकून देतो का आपण? टक्स घाल त्याला." टक्स म्हणजे जादा कापड चिमटीत धरून शिवलेली निमुळती घडी. आणि त्यांनी आपलं पायाचं शिलाई मशीन मोकळं करून दिलं.

सगळ्यात जास्त वेळ नाकाने खाल्ला. आधी चार्जरच्या वायरला गुंडाळून येते ती बारीक तार दुहेरी करून घातली. रोज वाकवून पंधरा दिवसांत तुटली. मग बांधकामावरची बाइंडिंग वायर. ती पक्की बसली, पण तिसऱ्या धुण्याला कापडावर गंजाची रेघ उमटली आणि एक टोक बाहेर येऊन नाकाला टोचलं. शेवटी चपटी ॲल्युमिनियमची पट्टी मिळाली. ९ सेंटिमीटर कापली, टोकं दुमडली. वरच्या कडेला आतून, नाडी ओवायला असतो तसा नेफा शिवला आणि त्याचं एक तोंड उघडं ठेवलं, म्हणजे धुताना पट्टी काढता येते. वाफ जवळजवळ थांबली. डिसेंबरच्या सकाळी थोडी यायची. तेव्हा मास्क वर ओढून चष्मा कापडावर टेकवायचा.

घसरण्याचं कारण मात्र उशिरा कळलं. मी माप तोंड मिटून घेत होते! तोंड उघडलं की हनुवटी खाली जाते आणि मास्कला ओढत नेते. 'आ' करून नाकाच्या दांडीपासून हनुवटीच्या खालपर्यंत मोजलं तर माप २ सेंटिमीटरने वाढलं. म्हणून खालची चुणी बाजूंना उसवून मोकळी केली. उंची मिळाली, पण गालाशी झोळ आला. तिथे दोन्ही बाजूंना टक्स घातले, कडेला १ सेंटिमीटर आणि आत ३ सेंटिमीटरवर शून्य. आधी कच्ची टीप मारा, मास्क घाला, गालाशी तळहात धरून जोरात श्वास सोडा. गरम हवा जिथे लागेल तिथे टक्स सरकवा. मशीनला बारीक सुई लावा, मी ११ नंबरची वापरली. जाड सुईची भोकं सुती कापडात तशीच राहतात. आणि काहीही बेतण्याआधी मास्क एकदा धुवा. पहिला मी न धुता शिवला, तो आटला. मग तो पुतण्याने वापरला.

इलॅस्टिक तीन महिन्यांत सैल पडलं, गरम पाणी आणि ऊन दोन्ही त्याला सोसत नाही. त्याजागी नाड्या लावल्या. वरची अंबाड्याच्या वर, खालची मानेवर. कान दुखायचे थांबले. बांधायला वेळ लागतो, हे खरं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने कानाच्या दोरीला मास्कलगत गाठ मारून बाजूचं कापड आत खोचण्याची युक्ती सांगितली. पातळ सर्जिकल मास्कला ती छान लागू पडते. माझ्या दुहेरी सुती मास्कला गाठ मारली की गालावर बोळा येतो. नवऱ्याच्या दाढीला तर कुठलाच टक्स चालला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये तीन थरांचा कापडी मास्क सुचवला होता, म्हणून दोन मास्कांत मधे नॉन-वोव्हनचा, म्हणजे न विणलेल्या कापडाचा थर घातला. एप्रिलच्या दुपारी त्यात बोलताना धाप लागायची, तरी गर्दीच्या दिवशी तेच घालायचे. सासऱ्यांना तपासणीला न्यायची वेळ आली तेव्हा मात्र सरळ एन-९५ घातला. कितीही नीट बसला तरी कापडी मास्क ते काम करत नाही.

पाचपैकी तीन रोजच्या वापरात होते. पाचवा उसवून, इस्त्री करून ठेवला होता. शेजारच्या काकू आपले मास्क घेऊन आल्या की सासूबाई तोच पुढ्यात घेऊन खडूने खुणा करायच्या. त्याआधी काकूंना 'आ' करायला लावायच्या.