ग्रुप थिअरी की सेल्युलर ऑटोमाटा: खानदेशातून पीएच.डी.चा विषय ठरवताना

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे गणितात एम.एस्सी. करणाऱ्यांना ग्रुप थिअरीतली (उलटवता येणाऱ्या क्रियांच्या संचांचा, म्हणजे ग्रुपांचा अभ्यास) सायलोची प्रमेये तोंडपाठ असतात. सेल्युलर ऑटोमाटा (प्रत्येक घर शेजाऱ्यांकडे पाहून ठरलेल्या नियमाने दर फेरीला बदलते, अशी रचना) बहुतेकांना यूट्यूबवरच भेटलेला असतो. म्हणून पहिला फरक पैशाचा आणि प्रवेशाचा. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गणिताच्या अभ्यासक्रमात ग्रुप थिअरी आहे, ऑटोमाटा नाही. 200 गुणांपैकी 95 गुण भाग ‘क’चे. तिथे चुकीला गुण कापत नाहीत, पण एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात आणि ते सगळे टिपले तरच गुण. ‘ही ऑर्डर असलेला ग्रुप सिंपल असू शकतो का?’ (ऑर्डर म्हणजे घटकांची संख्या, सिंपल म्हणजे लहान ग्रुपांत न मोडणारा) असले प्रश्न हातचे असतील तर जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीची आशा धरावी. 2023 पासून ही शिष्यवृत्ती पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आहे. तेव्हा ऑटोमाटाच करायचा असला तरी नेटपर्यंत ग्रुप थिअरी सोडू नका.

दुसरा फरक अडकण्याच्या जागेचा. ग्रुप थिअरीत आधी वाचन फार. वर्षभर वाचूनही स्वतःची एक ओळ नसते, आणि इथेच पुष्कळ जण गळतात. ग्रुपांची आकडेमोड करणारे ‘गॅप’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्याच्या संग्रहात 2000 पर्यंतच्या ऑर्डरचे सगळे ग्रुप आहेत, फक्त 1024 वगळून. कारण त्या एकाच ऑर्डरचे 49,48,73,67,289 ग्रुप निघतात. (जाणकारांनी आधी जाहीर केलेला आकडाही पुढे दुरुस्त करावा लागला.) जनरेटर (ज्यांपासून सगळे घटक बनतात ते) आणि रिलेशन (त्यांच्यातली समीकरणे) देऊन ग्रुप मांडला, तर त्याचे घटक मोजणारी कोसेट मोजणी संपेल याची हमी नाही. ग्रुप अनंत असला तर मेमरी भरून काम थांबते. पडद्यावर उत्तर येत नाही याचा अर्थ ‘ग्रुप अनंत आहे’ असा मात्र लिहू नये.

ऑटोमाटात उलटे. पहिल्याच संध्याकाळी चित्र दिसते, पण प्रमेय दिसत नाही. एका ओळीतील, दोन अवस्थांचे (0 किंवा 1), शेजारच्या एकेका घराकडे पाहणारे नियम अवघे 256, तरी त्यांतला नियम 110 कोणतीही संगणकीय आकडेमोड करू शकतो. मॅथ्यू कुक यांची ही सिद्धता 2004 मध्ये छापून आली. प्रयोगात दोन चुका हमखास होतात. माहिती दर फेरीला दोन्ही बाजूंना फार तर एक घर सरकते. 500 फेऱ्या पाहायच्या तर मधल्या एका घरापासून सुरुवात करताना एकूण निदान 1001 घरे हवीत, नाहीतर कडेने वळून आलेला परिणामच ‘नवा शोध’ वाटतो. आणि 20 घरांच्या 10,48,576 मांडण्या तपासता येतात म्हणून 40 घरांना हात घालू नये. तिथे आकडा एक लाख कोटींच्या वर जातो.

खरी गंमत दोन्हींच्या सीमेवर आहे. नियम 150 घ्या: घराची नवी किंमत म्हणजे ते घर आणि दोन्ही शेजारी यांच्या बेरजेला 2 ने भागून उरणारी बाकी. वर्तुळात तीन घरे असतील तर 100 चे 111 होते आणि 111 चेही 111 च. मागे जायची वाट बंद. चार घरांवर 1000 चे 1101 होते आणि कोणत्याही दोन मांडण्या एक होत नाहीत. घरांच्या संख्येला 3 ने भाग जातो तेव्हाच नियम उलटवता येत नाही. हे सिद्ध होते बहुपदींच्या सामाईक अवयवावरून, प्रोग्राम चालवून नव्हे. असे उलटवता येणारे नियम मिळून स्वतःच एक ग्रुप बनतो.

पुढे घरांच्या ओळीच्या जागी थेट ग्रुप ठेवतात, म्हणजे ग्रुपचा प्रत्येक घटक हेच एक घर. मूर (1962) आणि मायहिल (1963) यांनी पूर्वज नसलेल्या, म्हणजे आधीच्या कोणत्याही मांडणीतून न येणाऱ्या मांडण्यांविषयी दिलेली प्रमेये 1999 मध्ये ‘अमीनेबल’ (ज्यांच्यावर नीट सरासरी काढता येते अशा) ग्रुपांवर नेली गेली. बाकीच्या ग्रुपांवर मूरचे प्रमेय टिकत नाही, हे बार्तोल्डी यांनी 2010 मध्ये दाखवले. एकास-एक ऑटोमाटा (कोणत्याही दोन मांडण्या एक न करणारा) दर वेळी आच्छादकही (प्रत्येक मांडणीला पूर्वज असणारा) असतो का, हा गॉटशॉक यांचा 1973 चा प्रश्न ग्रोमोव यांनी सोफिक (सांत रचनांनी जवळपास उतरवता येणाऱ्या) ग्रुपांपुरता सोडवला. आमचे मत विचाराल तर ग्रुप थिअरीत नाव नोंदवून हाच भाग निवडा. मात्र टोपॉलॉजी आणि मेझर थिअरी कच्ची असेल तर आधी सहा महिने तिथे घाला.

प्रोग्रामिंगचा हात चांगला आणि सिद्धतेचा कंटाळा असेल, तर सरळ संगणकशास्त्राचा विभाग बघा. ऑटोमाटावरचे भारतातले बरेच काम खरगपूर-शिबपूरकडच्या त्या विभागांतून, सर्किट-चाचणीच्या अंगाने झाले. भुसावळहून हावड्याला थेट गाडी आहे, अंतराची धास्ती नको. गाईड जवळचा मिळतो म्हणून विषय बदलणे हाच खरा धोका. भेटीआधी त्यांचे गेल्या पाच वर्षांतले पेपर काढून पाहा, आणि हाताखालच्या शेवटच्या विद्यार्थ्याला थिसिस द्यायला किती वर्षे लागली ते त्या विद्यार्थ्यालाच विचारा.