डेबियन १३ ‘ट्रिक्सी’ : २०३८ सालची तजवीज आजच

डेबियन या मुक्त संगणक प्रणालीची ‘ट्रिक्सी’ नावाची तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. पडद्यावरचे रूप पाहून मत बनवणाऱ्याला तीत फारसे नवल वाटणार नाही. ग्नोम ४८ या पडद्यावरच्या मांडणीत (डेस्कटॉपमध्ये) एकाच ॲपच्या सूचना आता एकत्र गोळा होतात आणि ज्या लॅपटॉपमध्ये सोय असेल तिथे बॅटरी पूर्ण भरण्याआधीच चार्जिंग थांबवून तिचे आयुष्य वाढवता येते, इतकेच पटकन नजरेत भरते. खरे काम मात्र तळघरात झाले आहे.

डेबियन ज्या लिनक्सवर उभी आहे, त्यात वेळ १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांत मोजली जाते आणि जुन्या ३२ बिटांच्या पद्धतीत हा आकडा सुमारे २१४ कोटी ७५ लाखांपुढे जाऊच शकत नाही. ती मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी संपेल आणि त्यानंतर जुन्या पद्धतीवर चालणारे घड्याळ थेट १९०१ सालात जाऊन पोहोचेल. डेबियनने हा आकडा ६४ बिटांचा केला आहे. ६४ बिटांच्या नेहमीच्या संगणकांवर तो आधीपासूनच तसा होता. कस लागला तो ३२ बिटांच्या एआरएम प्रकारच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या छोट्या यंत्रांसाठी, कारण वेळेचा आकार बदलला की त्यावर विसंबलेली असंख्य पॅकेजे (सॉफ्टवेअरचे संच) एकाच वेळी नव्याने बांधावी लागतात. भिंतीत बसवलेली, कुणाच्या ध्यानीमनी नसलेली छोटी यंत्रेच वर्षानुवर्षे चालत राहतात, हे लक्षात घेता तेरा वर्षे आधी केलेली ही तजवीज मला या आवृत्तीचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य वाटते.

जुन्या ३२ बिटांच्या इंटेल संगणकांना मात्र निरोप मिळाला आहे. त्यांच्यासाठी आता ना कर्नेल (प्रणालीचा गाभा) आहे, ना इन्स्टॉलर. माळ्यावर तसा एखादा लॅपटॉप जपून ठेवलेल्यांनी (त्यांत मीही आलोच) डेबियन १२ वरच थांबावे. दुसरीकडे ६४ बिटांच्या रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेच्या प्रोसेसरला प्रथमच अधिकृत आधार मिळाला आहे.

सॉफ्टवेअर बसवण्या-काढण्याचे साधन असलेल्या एपीटी ३.० मध्ये कोणती पॅकेजे येणार आणि कोणती जाणार, हे हिरव्या व लाल रंगांत रकाने पाडून दाखवले जाते. बदल किरकोळ आहे. पण होकार देण्यापूर्वी तांबडी यादी डोळ्यांत भरते आणि चुकून काही काढून टाकण्याचा धोका कमी होतो.

एक बदल मात्र बेसावध माणसाला महागात पडेल. तात्पुरत्या फायलींचा टीएमपी फोल्डर आता डिस्कवर नसून मेमरीत असतो आणि तो मेमरीचा निम्मा भाग व्यापू शकतो. चार जीबी मेमरीच्या संगणकावर तिथे मोठा व्हिडिओ उतरवला, तर जागा संपेल. संगणक बंद केला, की ठेवलेले सारे जाईल.

इन्स्टॉलरमध्ये मराठी निवडता येते, परंतु आत गेल्यावर मराठी आणि इंग्रजी मेनू शेजारी-शेजारी दिसतात. अनुवादाचे काम अजून बरेच बाकी आहे.

डेबियन ११ वरून थेट १३ वर येण्याची सोय नाही, मध्ये १२ चा मुक्काम करावाच लागतो. शिवाय कर्नेल ६.१२ सोबत काही यंत्रांवर नेटवर्क कार्डाचे नाव बदलू शकते, त्यामुळे दूरच्या सर्व्हरचे अद्ययावतीकरण करताना त्या यंत्राजवळ कुणीतरी माणूस असलेला बरा.