एकच रविवार, चार छंद : वाचन, धावणे, डोंगर आणि जवळची भटकंती

मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाच्या हाती आठवड्यातून एक रविवार लागतो आणि त्यातलाही बराचसा भाग मेगाब्लॉक, घरची कामे आणि झोपेची थकबाकी यांनी आधीच वाटून घेतलेला असतो. नुकतीच नोकरी लागलेल्या माझ्या भाच्याने मला विचारले, ‘मामा, तुम्ही वाचता, धावता, किल्ल्यांवर जाता आणि आसपासची ठिकाणेही पाहत फिरता, मग मी यांतले काय सुरू करू?’ तेव्हा मी घाईने ‘सगळेच कर’ असे सांगून मोकळा झालो. हे उत्तर त्याच्या काहीही कामाचे नव्हते, हे मला मागाहून जाणवले आणि म्हणून आता जरा सावकाशीने ही तुलना मांडतो आहे. मी मुलुंडला राहतो, फोर्टात नोकरी करतो आणि पंचेचाळिशी ओलांडलेली आहे, हे लक्षात ठेवूनच पुढील मते वाचावीत.

आवड हा निकष मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे, कारण पहिल्या महिन्यात माणसाला सगळेच आवडते. त्यापेक्षा प्रत्येक छंदाला वेळेचा कसला तुकडा लागतो, हे आधी पाहावे. वाचनाला वेळेचे चिंधी-तुकडेही चालतात. मुलुंडहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत धीम्या लोकलने जवळजवळ तास जातो. संध्याकाळी परतताना चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकाची कड, मिळाली तरी तीस पाने होतात, आणि सकाळी एका हाताने कडी धरून उभे राहावे लागले तर पाच पानांचा लेख होतो. माझे वाचन चौफेर झाले ते कोणत्याही थोर संकल्पामुळे झालेले नाही. एका हातात मावेल एवढेच पुस्तक सोबत घ्यावे लागत असल्यामुळे जाडजूड कादंबऱ्या घरी राहिल्या आणि प्रवासवर्णने, भूगर्भशास्त्रावरची छोटी पुस्तके, जुन्या मासिकांचे अंक, निबंध असे जे हाती येईल ते वाचले गेले.

धावण्याला रोज तासभर पुरतो, परंतु तो तास हट्टी असतो. मुंबईत तो पहाटे साडेपाच ते साडेसहाचाच असावा लागतो. सात वाजले की ऊन, रिक्षा आणि शाळांच्या बस एकदमच रस्त्यावर येतात. डोंगर मात्र तुकडा घेतच नाही, सबंध दिवस घेतो आणि सोमवारी जिना उतरताना मांड्यांकडून त्याचे व्याजही वसूल करतो. आसनगावजवळच्या माहुली किल्ल्याचे उदाहरण घ्या : पहाटेची कसारा लोकल, स्थानकापासून पायथ्यापर्यंत रिक्षा, जंगलातून अडीच-तीन तासांची चढण, शेवटी लोखंडी शिडी, माथ्यावर तास-दीड तास आणि तितकीच लांब उतरण. अंधार पडायच्या आत घरी पोहोचलो तर मी तो दिवस सुदैवाचा मानतो. जवळची भटकंती या सर्वांत लवचीक आहे. तिला अर्धा दिवस लागतो, पण तो अर्धा दिवस सकाळचा आहे की दुपारचा, याच्याशी तिला फारसे देणेघेणे नसते.

मुंबईच्या हवामानाचा विचार केला की निवड बरीच सोपी होते. येथील दमट हवेत घाम सुकत नाही आणि तो सुकला नाही की शरीर थंड होत नाही; म्हणून पुण्यात किंवा नाशकात ज्या वेगाने सहज धावता येते, त्याच वेगाने येथे मे महिन्यात धावणारा माणूस तिसऱ्याच किलोमीटरला थांबतो. २००४ पासून होणारी मुंबई मॅरेथॉन जानेवारीत घेतली जाते, यामागे हेच साधे कारण आहे. ज्याला ४२.१९५ किलोमीटर तर सोडाच, पण दहा किलोमीटर तरी धावायचे आहे, त्याने सुरुवात जूनच्या अखेरीस करावी, कारण पावसाने तापमान उतरते आणि जानेवारीपर्यंत सहा महिने मिळतात. फक्त साचलेल्या पाण्यातून धावू नये. पायाला जखम असताना अशा पाण्यात उतरणे म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला आमंत्रण देणे आहे आणि दर पावसाळ्यात महापालिका हेच बजावत असते.

डोंगराच्या बाबतीत मुंबईकरांचे गणित नेमके उलटे आहे आणि ते मला पटत नाही. आपल्याकडे ट्रेक म्हणजे जुलै-ऑगस्ट, धबधबा आणि धुके, असे समीकरण झाले आहे. मी स्वतः एका पावसाळी रविवारी एका संस्थेबरोबर गेलो होतो. साठ माणसे आणि दोन वाटाडे असा तो लवाजमा होता. एका घसाऱ्यावर दीड तास रांगेत उभे राहून आम्ही एकमेकांच्या सॅकच पाहत होतो, कारण धुक्यामुळे दुसरे काही दिसतच नव्हते. गर्दीपेक्षाही गंभीर गोष्ट अशी की, अतिवृष्टीत सह्याद्रीचे उतार भरवशाचे नसतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आपण जिथे रविवारपुरते जातो तिथे कुणाची घरे असतात, हे त्यानंतर तरी विसरता येऊ नये. दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस डोंगरासाठी सर्वांत चांगले : गवत पिवळे पडलेले, टाक्यांत पाणी टिकून राहिलेले आणि हवा इतकी स्वच्छ की एका माथ्यावरून पुढचे चार किल्ले ओळखता यावेत. अडचण एवढीच की, धावणाऱ्यांच्या सरावाचे महत्त्वाचे महिनेही हेच असतात. दोन्ही एकाच वर्षी मनापासून करण्याचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा गुडघा धरून बसलो.

त्या गुडघ्याविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण ‘धावणारा माणूस डोंगर सहज चढतो’ हा समज अर्धाच खरा आहे. धावण्याने दम नक्कीच वाढतो. माहुलीची चढण मला पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपी गेली. परंतु उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन तोलून धरतात, आणि सर्व्हिस रोडच्या सपाट डांबरावर कितीही किलोमीटर धावले तरी हे काम त्यांना शिकवले जात नाही. उलट बाजूने पाहिले तर नेमाने डोंगरावर जाणाऱ्या माझ्या एका मित्राला पाच किलोमीटर धावताना पायांचा त्रास झाला नाही, दमाचा झाला. म्हणजे हे दोन छंद एकमेकांना पूरक असले तरी एकाच्या जिवावर दुसरा फुकट मिळत नाही. जिना उतरण्याचा सराव मात्र मुंबईत सर्वांनाच उपलब्ध आहे. इमारत जितकी उंच तितके बरे.

खर्चाबद्दल फार लिहिण्याजोगे काही नाही. धावण्याच्या बुटांची जोडी मला पाच हजारांच्या आसपास पडते आणि दर वर्षी बदलावी लागते; ट्रेकला बूट, सॅक आणि विजेरी एकदाच घ्यावी लागते; भटकंतीला लोकलचे तिकीट आणि दुपारच्या मिसळीचे पैसे पुरतात. वाचनात मात्र जो फोर्टातल्या पदपथावरच्या पुस्तकांपुढे उभा राहिला, त्याने हिशेब ठेवूच नये. ज्याला ठेवायचा असेल त्याने ग्रंथालयाचे सभासद व्हावे. १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरमध्ये आहे आणि १८०४ पासूनची परंपरा सांगणारी एशियाटिक सोसायटी फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये.

आता हाती काय उरते हे पाहू, आणि येथे माझे मत बरेच एकतर्फी आहे. धावण्यातून आकडे उरतात : किती किलोमीटर, किती मिनिटे, गेल्या वर्षीपेक्षा किती कमी. त्यांचा आनंद खोटा नाही, पण तो लवकर शिळा होतो. डोंगरातून काही सुट्ट्या प्रतिमा उरतात, ज्या वर्षानुवर्षे टिकतात आणि बहुधा सांगता येत नाहीत. वाचन आणि जवळची भटकंती यांची गोष्ट निराळी आहे, कारण ही दोन एकमेकांवर वाढतात.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी मी शाळेच्या सहलीपासून चार-पाच वेळा पाहिली होती. ‘पाहिली होती’ म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहात, उभा राहिलो होतो, माकडांपासून डबा वाचवला होता आणि खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांशेजारी बसून तो खाल्ला होता. पुढे एकदा परतीच्या लोकलमध्ये तेथील शिलालेखांविषयी वाचले. या टाक्यांना लेखांत ‘पोढी’ म्हटले आहे, त्या कुणी ना कुणी दान दिलेल्या आहेत आणि दात्यांमध्ये कल्याणचे व सोपाऱ्याचे लोक आहेत, हे तेव्हा कळले. ज्या कल्याणला मी गाडी बदलतो आणि ज्या सोपाऱ्याला आपण विरार लोकलमधले गर्दीचे स्थानक म्हणून ओळखतो, तेथील माणसांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बोरिवलीच्या जंगलात पाण्याची सोय केली, हे वाचून मी पुढच्याच रविवारी पुन्हा गेलो. त्या वेळी नव्वदाव्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतली अक्षरे शोधली. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये तेथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे तेथे कोरून ठेवली आहेत. भिंतींवर नावे लिहिणाऱ्यांचा मला एरवी संताप येतो. त्या दिवशी तो जरा निवळला.

तिथून मी नालासोपाऱ्याला गेलो. बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेथील टेकाडात भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उत्खनन करून स्तूप उजेडात आणला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच सापडला. स्तूपातून मिळालेल्या वस्तू एशियाटिक सोसायटीकडे आल्या, म्हणजे माझ्या कचेरीपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर. मग अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे, म्हणजे बेसॉल्ट खडकाचे, ते उभे खांब झोपड्या आणि इमारती यांच्या मधोमध उभे आहेत. त्यानंतर माहुलीवर गेलो तेव्हा माथ्यावरचे कातळसुळके मला पहिल्यांदाच नीट दिसले, कारण तेही बेसॉल्टचेच आहेत. अशी साखळी धावण्याने मला कधी दिली नाही आणि डोंगरानेही एकट्याने दिली नाही.

सोबतीचा विचारही करावा लागतो. वाचन एकट्याचे आहे आणि घरातल्यांना ते घरीच बसल्यासारखे वाटते, त्यामुळे त्याला विरोध होत नाही. धावणारा माणूस पहाटे जातो आणि इतर उठेपर्यंत परत येतो, म्हणून तेही खपते. डोंगरावर एकट्याने जाऊ नये, आणि महिन्यातून दोन रविवार तेथेच गेले तर घरी जे ऐकावे लागते ते येथे लिहीत नाही. भटकंतीत मात्र सर्वांना नेता येते. घारापुरीला लाँचने जाताना आमच्या आईने सत्तरीत जेवढा आनंद लुटला तेवढा माझ्या मुलीनेही लुटला नसेल. फक्त सोमवारी लेणी बंद असतात आणि वर जायला शंभरावर पायऱ्या आहेत, हे आधी सांगून ठेवावे.

म्हणून माझा सल्ला असा आहे. ज्याचा प्रवास रोज तासाहून अधिक आहे, त्याच्यापुढे वाचन निवडावे की नाही हा प्रश्नच नाही. ते चालू करावे आणि उरलेल्या तिघांपैकी एकच धरावे. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील तर भटकंती. पंचविशी-तिशीत असाल, गुडघे धड असतील आणि दोन विश्वासू सोबती असतील तर दसऱ्यानंतर महिन्याला एक डोंगर. धावणे फक्त त्यांनी निवडावे ज्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांत मोकळी जागा आहे, कारण धावायला जाण्यासाठी आधी बस पकडावी लागली तर तिसऱ्या आठवड्यात सगळे संपते. मरीन ड्राइव्हवर धावणाऱ्यांची छायाचित्रे पाहून मुलुंडच्या माणसाने बूट विकत घेऊ नयेत, हे मी अनुभवाने सांगतो.

भाच्याने हे सर्व ऐकून घेतले आणि धावणे निवडले. तो बोरिवली पूर्वेला राहतो, उद्यानाचे प्रवेशद्वार त्याच्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे आणि माझ्याच निकषाने पाहिले तर त्याचे बरोबर आहे. गेले दोन महिने तो रविवारी पहाटे कान्हेरीच्या रस्त्याने ठरावीक हद्दीपर्यंत धावतो आणि परत फिरतो. लेणी उघडण्याची वेळ झालेली नसते, त्यामुळे पोढ्या त्याने अजून पाहिलेल्या नाहीत.