तुळशीबागेतून पहिल्या घराची भांडी घेतली, त्याचा रिव्ह्यू (साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे येईलच)

मी सोलापूरची, वय २३, हिंजवडी फेज ३ ला पहिला जॉब आणि वाकडला वन आरके भाड्याने. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच असं घर की डब्यातली साखर संपली तर ती मीच आणायची. कॉलेजची चार वर्षं हॉस्टेलवर गेली त्यामुळे माझ्या मालकीची भांडी म्हणजे एक स्टीलचा ग्लास, दोन चमचे (त्यातला एक मेसचा, सॉरी) आणि मॅगी करायची इलेक्ट्रिक किटली. फ्लॅटची चावी शनिवारी मिळाली आणि जॉइनिंग सोमवारी, मध्ये एक रविवार, त्यात पंखे पुसणार की ओटा घासणार की कागदपत्रं जुळवणार, म्हणून म्हटलं भांडी काय, ऑनलाइन मागवू, रात्री पडल्या पडल्या पाच भांड्यांचा नॉनस्टिक सेट कार्टात टाकला आणि झोपले.

ती चूक. अ‍ॅपचं नाव घेत नाही, पण सेट आला बुधवारी आणि तेव्हा मी ऑफिसात इंडक्शनला बसलेले (नवीन लोकांना तीन दिवस पीपीटी दाखवतात त्याला इंडक्शन म्हणतात), घरी येऊन खोकं उघडलं, कढई दुसऱ्या इंडक्शनवर ठेवली, तर शेगडी नुसती टूं टूं टूं. कढई अ‍ॅल्युमिनियमची, इंडक्शनवर चालणारच नाही, आणि हे लिहिलेलं होतं पण सगळ्यात खाली बारीक अक्षरात. दोन्ही इंडक्शनमध्ये मला काही कळलं नाही असं आईला फोनवर सांगितलं तर ती हसलीच नाही, म्हणाली "मग जेवलीस काय?" रिटर्नवाला तीनदा आला, तिन्ही वेळा दुपारी, आणि तिन्ही वेळा मेसेज की कस्टमर घरी नाही. अरे बाबा, कस्टमर घरी असता तर भाडं कुठून भरलं असतं!

तर पुढच्या रविवारी चिंचवडच्या मावशीने मला उचललं आणि तुळशीबागेत नेलं. आता खरा रिव्ह्यू.

पोचायचं कसं: गाडी नेऊच नका. पिंपरीहून मेट्रोत बसलो ते थेट मंडई स्टेशनला उतरलो. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत मेट्रो सुरू झाली तेव्हापासून हा प्रकार एवढा सोपा झालाय की मावशी म्हणे पूर्वी आम्ही तुळशीबागेला जायचं म्हणजे आदल्या दिवशी ठरवून, डबा घेऊन जायचो. स्टेशन जमिनीखाली आहे, सरकते जिने चढून वर आलं की समोर मंडई, आणि तिथून चालत पाच-सात मिनिटं, गर्दीत धरली तर पंधरा.

तुळशीबाग म्हटलं की सगळ्यांना कानातली आणि टिकल्या आठवतात, मलाही तेवढंच माहीत होतं. पण आत राममंदिर आहे, त्याचं काम १७६१ ला नारो आप्पाजी खिऱ्यांनी सुरू केलं, पेशवाईतलं, आणि त्याच्या आजूबाजूला भांड्यांची दुकानं आहेत, पितळेची, स्टीलची, देवाची उपकरणी, आणि ती भातुकली! बोटाएवढा बंब, बोटाएवढं जातं, शेगडी, तांब्या. मी तिथे दहा मिनिटं उभी होते, मावशी म्हणाली "अगं खरी भांडी घ्यायला आलोय ना आपण?"

दुकानात गेल्यावर पहिला धक्का म्हणजे स्टीलचं भांडं तोलून विकतात. पातेलं काट्यावर ठेवतात, वजनाला भाव, संपलं. मला वाटलेलं घासाघीस करायची असते, मी मनात तयारी करून आलेले, पण ती बाहेर स्टॉलवर, आत भांडेवाल्यांकडे भाव ठरलेला. मावशीने तरी सवयीने "काही कमी करा" म्हटलंच, काकांनी कॅल्क्युलेटर बडवला आणि वरचे तीस रुपये सोडले, दोघंही खूश.

मी फ्रिजवरचं मॅग्नेट खिशात घालून नेलेलं, यूट्यूबवर बघितलं होतं की मॅग्नेट चिकटलं तर स्टील हलकं. काका हसले. त्यांनी नीट समजावलं आणि घरी येऊन मी वाचलं तर त्यांचं बरोबरच होतं: ३०४ नंबरचं चांगलं स्टील मॅग्नेटला चिकटत नाही हे खरं, पण २०२ नंबरचं स्वस्तातलं पण चिकटत नाही, त्यामुळे मॅग्नेटने त्या दोघांतला फरक कळतच नाही. मॅग्नेट कामाचं ते इंडक्शनसाठी. भांड्याच्या बुडाला चिकटलं तर इंडक्शनवर चालणार, नाही चिकटलं तर टूं टूं. म्हणून नुसतं ३०४ चं पातळ पातेलं घेऊन उपयोग नाही, खाली जाड बुड लावलेलं हवं ज्यात मॅग्नेट पकडणारा थर असतो. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर माझे सतराशे रुपये आणि तीन दुपारचे मेसेज वाचले असते. तर मॅग्नेट न्याच, पण बुडाला लावा, अंगाला नको.

घेतलं काय: जाड बुडाची दोन पातेली, तीन लिटरचा कुकर (आयएसआय मार्क बघून घ्या, कुकरला तो सक्तीचा आहे), पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा, सांडशी, झारा, कालथा, दोन डाव, गाळणी, किसणी, चार ताटं चार वाट्या. चार कशाला, मी एकटीच, तर मावशी म्हणे "माणसं येतात गं." आणि तोटी असलेलं स्टीलचं पिंप. हे मी घेणारच नव्हते, पण मावशी इकडचीच, तिला माहितीये, पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेचं पाणी एक दिवसाआड आहे आणि वाकडच्या सोसायट्या टँकरवर. पिंप घेतलं ते बरंच झालं, चौथ्याच दिवशी टँकर आला नाही. विळी मात्र घेतली नाही, मेट्रोत नेऊ देतील की नाही या भीतीने.

आणि बिडाचा तवा. सोलापूरच्या माणसाला भाकरी लागते आणि भाकरीला बीड लागतं, ह्यावर आईने व्हिडिओ कॉलवर दुकानदार काकांना पण बोलायला लावलं, "ओ, जरा जाड दाखवा की, असला पातळ नको." अडीच किलोच्या आसपास भरला. इंडक्शनवर बीड झकास चालतं. घरी आणल्यावर आधी घासून, रात्रभर भाताची पेज घालून ठेवली, मग तेल लावून कांद्याच्या चकत्या काळ्या होईपर्यंत फिरवल्या, असं दोन दिवस केलं. पहिल्या चार भाकऱ्या तरी चिकटल्याच, पाचवी सुटली. पाचवीचा फोटो फॅमिली ग्रुपवर आहे.

आता ज्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले ते. बिल झाल्यावर काकांनी विचारलं, "नाव घालायचं?" ते टकटक मशीन असतं ना, भांड्यावर ठिपक्या ठिपक्यांनी नाव कोरतं, ते. आमच्या घरी प्रत्येक भांड्यावर नाव आहे, पण सगळी लग्नातली किंवा बारशातली, अमक्याकडून तमक्यास सप्रेम भेट, तारीख, आजीच्या तांब्यावर तर तिचं माहेरचं नाव पण आहे. काकांनी मशीन चालू करून सहज विचारलं "लग्न कधीचंय?" मी म्हटलं लग्न नाही काका, जॉब लागलाय, घर घेतलंय भाड्याने. ते एक सेकंद थांबले. मग म्हणाले "बरं मग कुणाकडून लिहू?" आणि मला काही सुचेना, मावशीकडे बघितलं, मावशी पिशव्या मोजत होती. मी म्हटलं कुणाकडून नाही, मीच घेतलंय, नुसतं नाव घाला आणि तारीख. त्यांनी घातलं. सगळ्या भांड्यांवर, चमच्यांवर सुद्धा घालत होते, मी चमच्यांना नको म्हटलं. पैसे वेगळे घेतले नाहीत. ताटाच्या मागे माझं नाव बघून मला काय वाटलं ते मी इथे टाइप करणार नाही, पण घरी येऊन ते ताट मी त्या रात्री दोनदा धुतलं.

अर्धा स्टार कशाला कापला: एक, रविवारी संध्याकाळी जाऊ नका म्हणजे नकाच, चालायला जागा नाही, माझ्या पायावरून एक बाळाची गाडी गेली. दोन, परत-बिरत काही नाही, घेतलं ते घेतलं. बाहेरच्या एका स्टॉलवरून घेतलेल्या किसणीची मूठ दुसऱ्या दिवशी हातात आली, आता तिथे परत जाऊन कोण भांडणार आणि तो स्टॉल ओळखणार कसा, सगळे सारखेच. तीन, दुकानांत बहुतेक ठिकाणी पिन मारलेला चिटोरा मिळतो, नीट बिल हवं तर मागून घ्या.

वायरचं एक्स्टेंशन, होल्डर, नळाची तोटी, दाराची कडी असलं सगळं बोहरी आळीत मिळतं, चालत अंतरावर, तिथे पण जाऊन आलो पण तोवर माझे हात तुटलेले त्यामुळे त्याच्यावर काही मत नाही.

येताना मेट्रोच्या स्कॅनरमधून पोतं गेलं तेव्हा सिक्युरिटीच्या ताईंनी स्क्रीनवर बघून विचारलं "संसार का?" मावशी म्हणाली हो.

गॅसचं म्हणाल तर नवीन कनेक्शनला भाडेकरार वगैरे लागतो, माझा करार रजिस्टर होऊन यायला वेळ होता, तोवर इंडक्शन, आणि लाइट गेली तर म्हणून पाच किलोचा छोटा सिलेंडर, तो नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. नवीन शहरात आलेल्यांनी हे लक्षात ठेवा, मला ऑफिसातल्या एका सीनियरने सांगितलं.

ऑफिसात डबा नेते आता. पँट्रीत सगळ्यांचे सारखेच डबे असतात, गेल्या आठवड्यात एकजण माझा घेऊन बसलेला, झाकण उलटं करून दाखवलं त्याला, नाव आणि तारीख. तो म्हणाला सॉरी, आणि मग विचारलं भाकरी कुठून आणतेस.

एकूण खर्च पिंपासकट सहा हजारांच्या थोडा वर गेला, पहिल्या पगाराच्या आधीच, बाबांकडून उसने. परात राहिली. पुढच्या पगाराला परत जाणार आहे, सकाळी अकराच्या आत, तोपर्यंत पीठ कुकरच्या भांड्यात मळतेय.