सीएसआर निधी मिळवून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा

कोल्हापूर-सांगली भागातल्या छोट्या संस्थांच्या विश्वस्तांसाठी हे लिहिते आहे. एका मोठ्या कंपनीच्या फाउंडेशनकडून सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर खर्च करायचा निधी मिळवून देतो, असं सांगून आमच्या संस्थेकडून एक लाख ८६ हजार रुपये उकळले गेले. त्यासाठी आम्हाला दिलेलं निधीचं बनावट मंजुरीपत्र, फक्त संस्थेचं नाव बदलून, जिल्ह्यात आणखी काही ठिकाणी फिरतंय हे आता कळलं आहे. त्या माणसाने सगळंच खोटं सांगितलं असतं तर तो दारातूनच परत गेला असता. त्याच्या प्रत्येक थापेच्या पोटात एक खरी गोष्ट होती.

आमची संस्था लहान. शिरोळ तालुक्यात ऊसतोडणीच्या हंगामात मजुरांच्या खोप्यांजवळ आम्ही मुलांचे वर्ग चालवतो. आई-बाप पहाटे फडात जातात, मोठी मुलगी धाकट्याला घेऊन खोपीत बसते, शाळा बीडकडच्या गावात राहिलेली असते. ती मुलं तेवढे पाच-सहा महिने पाटी-पुस्तकापासून तुटू नयेत म्हणून दोन शिक्षिका, एक मदतनीस आणि दुपारचा खाऊ, एवढा आमचा पसारा. १९०१ पासून विद्यार्थ्यांची बोर्डिंगं (वसतिगृहं) पाहिलेल्या कोल्हापुरात अशा कामाला देणगी मिळते, पण ती शे-पाचशेने. वर्षाचं मानधन आधीच हाताशी असावं, ही आमची इच्छा होती आणि ती रास्त होती.

तो आला एका देणगीदाराच्या ओळखीने. लक्ष्मीपुरीत ऑफिस, व्हिजिटिंग कार्डावर ‘सीएसआर सल्लागार’, बोलणं आपल्याच भागातलं. आमच्या खजिनदारांना म्हणाला, “अण्णा, कंपन्यांचं पैसं पडून हाईत, चांगली संस्था मिळंना झालीया. मार्चच्या आत खर्च केलं न्हाई तर सरकार घेतंय. तुम्ही फक्त कागदं द्या, बाकीचं माझ्यावर सोडा.”

यात खरं किती ते बघा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली, १ एप्रिल २०१४ पासून, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक मर्यादा गाठतो, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. खर्च राहिला तर कायदा मागे लागतो, हेही खरं. पण तो सांगत होता तसं ३१ मार्चला आकाश कोसळत नाही. चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत खर्च करता येते. प्रकल्प चालू स्वरूपाचा नसेल तर रक्कम सहा महिन्यांत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या ठरलेल्या निधीत भरायची असते. म्हणजे कंपनीपुढे सरळ, कायदेशीर वाट असते. अनोळखी संस्थेच्या खात्यात घाईने ४५ लाख टाकण्याची वेळ तिच्यावर येत नाही. ‘मार्चएंड’चा धाक कुणी घातला तर पहिला संशय तिथेच घ्यावा.

दुसरी खरी गोष्ट महापुराची. “ह्याच फाउंडेशननं २०१९ ला तुमच्या शिरोळात किटं वाटली हुती,” असं तो म्हणाला. वाटली होती, आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे फाउंडेशनला आपला तालुका माहीत आहे, हे आम्हाला पटलं. पण पुरात मदत करणं आणि एखाद्या संस्थेला वर्षभराचं अनुदान देणं हे दोन वेगळे निर्णय असतात. आपत्तीत कंपन्या राज्यभर, देशभर मदत पाठवतात आणि काम संपलं की निघून जातात. त्या एका नोंदीवरून फाउंडेशन आपल्या भागात निधी देतं, असं समजणं धोक्याचं आहे, आणि फसवणाऱ्याला नेमकी हीच नोंद वापरता येते.

मग मंजुरीपत्र आलं. फाउंडेशनचा लोगो, कंपनीचा खरा नोंदणी क्रमांक, ४५ लाख रुपये, तीन हप्ते, खाली सही-शिक्का. ईमेलचा पत्ता कंपनीच्या पत्त्यासारखाच, फक्त मध्ये एक अक्षर जादा. त्यानंतर मागण्या सुरू झाल्या. सीएसआर-१ नोंदणीचे २५ हजार, ‘ड्यू डिलिजन्स’चे, म्हणजे संस्थेच्या छाननीचे ३६ हजार, करारनाम्याच्या स्टॅम्प ड्यूटीचे ८० हजार, शेवटी ‘फाइल क्लिअरन्स’चे ४५ हजार. प्रत्येक वेळी, हे भरलं की पहिला हप्ता आठवड्यात, असं आश्वासन.

या मागण्या नीट तपासू या, कारण उद्या तुमच्याकडे हेच शब्द येतील. सीएसआर-१ हा फॉर्म खराच असतो. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीसाठी प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेला तो केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे ऑनलाइन भरावा लागतो आणि नोंदणी क्रमांक संगणकच तयार करून देतो. त्याला सरकारी शुल्क नाही. संस्थेच्या माणसाची डिजिटल सही लागते आणि सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणन लागतं. आपल्या सीएला त्याची वाजवी फी द्यावी, मधल्या माणसाला नव्हे. हा क्रमांक म्हणजे निधीची मंजुरीही नव्हे, तो फक्त पात्रतेचा एक कागद. निधी देणारं फाउंडेशन संस्थेची छाननी स्वतःसाठी करतं, तिचे पैसे अर्जदाराकडून मागायचं कारण नाही. स्टॅम्प ड्यूटी लागलीच तर ती ‘ग्रास’ या राज्य सरकारच्या ऑनलाइन भरणा प्रणालीवरून सरकारजमा होते, कुणाच्या यूपीआयवर नाही.

त्याचं सगळ्यात बेमालूम खोटं पाच टक्क्यांचं होतं. “पाच टक्के ॲडमिन खर्च कायद्यातच हाय, तेवढं आमचं,” असं म्हणून त्याने नियमांची छापील प्रत पुढे केली. नियमात पाच टक्के आहेत. पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या खर्चाची कमाल मर्यादा आहे. दलालाचं कमिशन म्हणून त्यात काहीही लिहिलेलं नाही.

पैसे येईनात तेव्हा आमच्या सीएंच्या ऑफिसमधल्या आर्टिकलशिप (सीएचं प्रशिक्षण) करणाऱ्या मुलीने कंपनीचे जुने वार्षिक अहवाल उघडले. अर्ध्या तासात सगळं उघडं पडलं. तिने काय पाहिलं ते लिहिते, कारण माझ्या मते छोट्या संस्थांना सगळ्यात मोठं संरक्षण इथेच आहे, आणि ते फुकट आहे.

कंपनीची वेबसाइट असेल तर तिच्यावर सीएसआर समितीत कोण आहे, धोरण काय आहे आणि संचालक मंडळाने कोणते प्रकल्प मंजूर केले, हे द्यावं लागतं. शिवाय संचालकांच्या अहवालाला सीएसआरची पुरवणी जोडलेली असते. त्यातही २०२०-२१ आणि २०२१-२२ या वर्षांच्या पुरवण्या जपून वाचा. त्या वर्षीच्या नमुन्यात प्रत्येक प्रकल्पापुढे राज्य, जिल्हा, रक्कम, विषय, काम स्थानिक भागात आहे की नाही, कंपनीने ते स्वतः केलं की संस्थेमार्फत, आणि त्या संस्थेचं नाव व क्रमांक असे रकाने होते. २०२२ च्या सप्टेंबरमधल्या दुरुस्तीनंतर हा तपशील पुरवणीतून कमी झाला. त्यामुळे जुने अहवाल आज जास्त बोलके आहेत. मंत्रालयाच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवरही कंपनीनुसार आणि राज्यानुसार आकडे मिळतात.

तिने तीन वर्षांच्या नोंदी शेजारीशेजारी लावल्या. जिल्ह्याच्या रकान्यात कंपनीचे कारखाने आहेत तेवढेच जिल्हे. कोल्हापूर एकदाही नाही, अपवाद फक्त पुराच्या मदतीचा. कायद्यात स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं असं म्हटलं आहे. ते बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे, असं मंत्रालयाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं, तरी बऱ्याच कंपन्या कारखान्याच्या आसपासच राहतात आणि ही कंपनी त्यातलीच. शिक्षणावर खर्च मोठा, पण सगळा सरकारी शाळांच्या विज्ञान प्रयोगशाळांवर. स्थलांतरित मुलं, हंगामी वर्ग, शिक्षकांचं मानधन असं काहीच नाही. संस्थांच्या रकान्यात दरवर्षी फिरून तीच चार-पाच नावं, सगळ्या अनेक राज्यांत काम करणाऱ्या. नव्या संस्थेचं नाव आलं तेव्हा रक्कम लहान, पुढच्या वर्षी थोडी वाढलेली. आणि बहुतेक ओळींपुढे लिहिलेलं होतं की काम फाउंडेशनने स्वतःच केलं. म्हणजे हे फाउंडेशन मुळात दुसऱ्यांना अनुदान देणारं नव्हतंच, स्वतःचे कार्यक्रम राबवणारं होतं. नावात फाउंडेशन आहे म्हणून ते पैसे वाटतं, असा समज आपल्याकडे सर्रास आहे आणि त्या समजावर या लोकांचा धंदा चालतो.

अशा फाउंडेशनने कारखाना नसलेल्या जिल्ह्यातल्या, कधीही संबंध न आलेल्या संस्थेला पहिल्याच झटक्यात ४५ लाख द्यावेत, हे त्या तक्त्यात कुठेच बसत नव्हतं. अहवालावर छापलेल्या नंबरवर आम्ही फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. आम्ही बाहेरून अर्ज मागवत नाही, आमचा कोणी एजंट नाही आणि पत्र बनावट आहे, असं त्यांनी ईमेलने लिहून दिलं. त्या ईमेलचा पुढे तक्रारीत फार उपयोग झाला. कंपनीचं किंवा फाउंडेशनचं नाव मी मुद्दाम देत नाही. त्यांचा यात काहीच दोष नाही, त्यांचंही नाव वापरलं गेलं आहे.

त्या माणसाला जाब विचारला तर तो डगमगला नाही. उलट दुसरा सौदा पुढे केला. एक कंपनी खात्यात चेकने पैसे देईल, त्यातले चाळीस टक्के रोखीने परत करायचे, बिलांची व्यवस्था तो करेल, म्हणजे आमचंही नुकसान भरून निघेल. हे ऐकून अंगावर काटा आला. फसवलेल्या माणसाला नुकसानभरपाईची लालूच दाखवून गुन्ह्यात ओढायचं, हा त्यांच्या कामाचा दुसरा टप्पा आहे. खोट्या बिलांनी ट्रस्टचा पैसा रोखीत बाहेर काढला की संस्थेची आयकर सवलतीची नोंदणी जाऊ शकते, विश्वस्तांवर गुन्हा दाखल होऊ शकतो आणि धर्मादाय कार्यालयाला उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं. तेव्हा दलाल कुठेही नसतो. हा प्रस्ताव ज्यांच्याकडे आला असेल त्यांनी कितीही नड असली तरी नाही म्हणावं, कळकळीने सांगते.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली, मग पोलिसांत लेखी दिली. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. यूपीआयने गेलेल्या शेवटच्या रकमेतला काही भाग बँकेने गोठवला आहे. आधीचे पैसे खात्यातून पुढे निघून गेले होते. पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासात १९३० ला फोन करा. विश्वस्तांची बैठक बोलावून ठराव करेपर्यंत थांबू नका, ठराव नंतर होतो.

पैशाइतकीच काळजी कागदांची होती. आमचं पॅन, १२ए (संस्थेची आयकर सवलत) आणि ८०जी (देणगीदाराची करसवलत) यांची प्रमाणपत्रं, ऑडिट रिपोर्ट आणि सह्या केलेली कोरी लेटरपॅडं त्याच्याकडे होती. त्यांच्या जोरावर तो आमच्या नावाने दुसरीकडे देणग्या गोळा करू शकला असता. म्हणून आयकर आणि दर्पण (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल) यांचे पासवर्ड बदलले, बँकेला लेखी कळवलं, जुनं लेटरपॅड रद्द केल्याचा ठराव करून त्याची प्रत तक्रारीला जोडली.

आता निधी शोधताना आम्ही आधी कंपनीच्या अहवालातला प्रकल्पांचा तक्ता वाचतो, मग अर्ज लिहितो. साधं गणितही करतो. सरासरी ५ कोटी नफ्याच्या कंपनीची वर्षाची सीएसआरची रक्कम १० लाख होते. एकाच संस्थेला ४५ लाख द्यायला, बाकी सगळं शून्य धरलं तरी, साडेबावीस कोटींचा सरासरी नफा लागतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत या कायद्यात बसणारे कारखाने आहेत. ज्यांची रक्कम ५० लाखांपर्यंत आहे त्यांना वेगळी सीएसआर समिती लागत नाही, निर्णय संचालक मंडळच घेतं, म्हणजे बहुतेकदा मालकांचं घर. तिथे दलाल लागत नाही. वर्ग बघायला या, एवढं म्हणता येतं. अशाच एका फाउंड्रीवाल्यांनी येऊन पाहिलं आणि एका शिक्षिकेचं हंगामाचं मानधन दिलं. रक्कम मोठी नाही, पण त्यासाठी कुणाला एक रुपया द्यावा लागला नाही. कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ ही कागदपत्रं मात्र तयार हवीत, ती नसतील तर मनात असूनही त्यांना तुमच्यामार्फत हा पैसा खर्च करता येत नाही.

तुमच्याकडे असं ४५ लाखांचं किंवा वेगळ्या रकमेचं मंजुरीपत्र आलं असेल, पैसे दिले असोत वा नसोत, ते पुसून टाकू नका. पत्र, ईमेल, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी घेऊन कोल्हापूरच्या सायबर पोलीस ठाण्यात स्वतंत्र तक्रार द्या. एकट्या संस्थेची तक्रार पैशाच्या देण्याघेण्याचा वाद म्हणून बाजूला पडू शकते. तेच पत्र चार संस्थांकडे निघालं तर तसं म्हणता येणार नाही.