प्लॅन, खाता, लाईट मीटर करून देणारं ऑफिस : बेळगाव, वडगाव बाजू. साडेतीन स्टार

नाव टाकत नाही. वडगाव-अनगोळ बाजूला बोर्डावर प्लॅन इस्टिमेट, खाता (म्हणजे पालिकेत जागेची-घराची नोंद), एनए, मीटर असं सगळं एकदम लिहिलेली ऑफिसं आहेत त्यातलं एक. आमची ३० बाय ४० ची साईट म्हणजे प्लॉट, रजिस्टर खरेदी, खाली-वर बांधलो आणि मीटरची फाईल यांच्याकडे दिलो.

आधी असल्या ऑफिसची गरजच नव्हती की, घर बांधायचं, वायरमनला सांगायचं, मीटर बसायचा. १७ डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ओसी (घर राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) किंवा कम्प्लीशन सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय लाईट, पाणी, ड्रेनेज काय द्यायचं नाही, आणि २०२५ मध्ये ते कर्नाटकात लागू झाल्यावर बांधून तयार असलेली घरं टेंपररी कनेक्शनवर लटकली. टेंपररीचा रेट घरगुतीपेक्षा जास्त, वर गृहज्योती (कर्नाटक सरकारची घरगुती लाईट २०० युनिटपर्यंत फुकट द्यायची योजना) पण नाही. मग सरकारनं १२०० चौरस फुटांपर्यंतच्या साईटवरच्या छोट्या घरांना ओसीतून सूट दिली, आमचं बरोब्बर १२०० म्हणून सुटलो, नाहीतर बसलो असतो बोंबलत.

ऑफिसातले साहेब एकदम रोखठोक. पहिल्याच दिवशी सांगितले, ओसीला सूट आहे, प्लॅन पास करायला नाही, पास प्लॅन नसेल तर माझ्याकडे येऊ नका. स्वतः टेप घेऊन येऊन सगळ्या बाजूंनी किती जागा सोडलीय ते मोजून गेले. कागद सगळे कन्नडमध्ये, ते आमच्या आबांना एकेक ओळ मराठीत सांगितले, "आबा, सही नंतर करा, आधी ऐका." नवीन मीटरला गृहज्योती सुरुवातीला ५८ युनिटचीच बसते, सगळे म्हणतात तसे २०० नव्हे, हे पण आधीच सांगितले, बिल बघून दचकलो नाही.

पण मला सगळ्यात आवडलं ते त्यांनी नाही म्हटलेलं. माझा चुलत भाऊ शेतातला दीड गुंठा बॉण्डवर, म्हणजे रजिस्टर न करता नुसत्या स्टॅम्प पेपरवर घेतलाय, त्याला घेऊन गेलो. दुसरा कुणी असता तर ॲडव्हान्स घेऊन वर्षभर फिरवला असता. हे कागद बघून म्हणाले, बी-खाता (नियमात न बसणाऱ्या जागेची पालिकेतली वेगळी नोंद) पाहिजे तर १० सप्टेंबर २०२४ च्या आधीची रजिस्टर खरेदी लागते, बॉण्डला काय नाही, पैसे खिशात ठेव. भाऊ तावातावानं उठून गेला, अजून माझ्याशी धड बोलत नाही.

तिथं चहाला बसलं की असल्या बॉण्डच्या प्लॉटांवरच वाद. पालिकेत विषय निघाला तरी दोन बाजू ठरलेल्या, एक म्हणतो माणसं राहुलाल्यात तर नळ आणि लाईट द्या, दुसरा म्हणतो आज दिला तर उद्या आणखी चार लेआऊट उगवतील. मला विचाराल तर दोघांचं पण खरं आहे आणि दोघं पण उशिरा बोलतात. शहापूर-वडगावचं शिवार म्हणजे बासमतीची जमीन, बळ्ळारी नाला पावसाळ्यात तिथंच पसरतोय, आणि तिथंच प्लॉट पडतात. जेसीबी चालतोय तो सगळ्यांना दिसतोय, तेव्हा कोण विचारत नाही, शेवटी जो सोनं गहाण ठेवून प्लॉट घेतला त्याच्या मीटरवर कायदा येऊन बसतोय. विकणारा मोकळा! पाण्याचं तर बोलूच नका, २००८ मध्ये १० वॉर्डात २४ तास पाणी आलं, बाकी गावासाठी पाईप टाकायचं काम पुढं कितीतरी वर्षं चाललं, मग राकसकोप आणि हिडकल धरणाचं पाणी या बॉण्डवाल्या गल्लीत कधी यायचं? तोपर्यंत बोअर आणि टँकर.

आता दीड स्टार कुठं कापलो ते. फोन उचलत नाहीत. मेसेज केला की रात्री अकराला "उद्या या" एवढंच, आणि उद्या गेलं की साहेब साईटवर. आमच्या टेंपररी कनेक्शनची मुदत संपत आलेली कोण सांगितलं नाही, दोन दिवस घरात अंधार, कामगार परत गेले, आणि त्यावर ऑफिसातला पोरगा म्हणतो "तारीख तुम्ही बघायची की." मग तुम्हाला पैसे कशाला दिलो? फीचं पण तसंच, त्यांची किती आणि सरकारी किती हे विचारल्याशिवाय वेगळं करून सांगत नाहीत, पावती म्हणजे वहीचा कागद फाडून पेननं लिहिलेली. मागून घ्या, लाजू नका.

तरी पण साईट घ्यायच्या आधी उतारा घेऊन एकदा जाऊन या, नुसतं बघायचे पैसे घेत नाहीत. घर बांधून झाल्यावर जाल तर त्यांच्या पण हातात फार काय नाही. दुपारी दोन ते चार बंद, रविवारी सकाळी उघडं असतंय. गाडी देवळाकडं लावा, दारात लावली की समोरचा गॅरेजवाला भांडायला येतोय.